साडेचार पानांची वादळी रात्र

पत्र

मी पंचेचाळीस वर्षांची आहे. दहाव्या-अकराव्या वर्षी ग्रंथालयाच्या सर्वांत खालच्या फळीवर मला एक जुनी कादंबरी सापडली. आईवडील गेल्यानंतर दोन भावंडे दीपगृह सांभाळणाऱ्या मामाकडे राहायला जातात आणि एका वादळी रात्री मामा तापाने फणफणलेला असताना बारा वर्षांची थोरली बहीण एकटी दिवा तेवत ठेवते, अशी ती कथा आहे. पुढे मी त्या कादंबरीची स्वतःची प्रत मिळवली. मन थकले की आजही मी तीच वाचते. माझे पती याला पोरकटपणा म्हणतात. अलीकडच्या वाचनात मात्र मी स्वतःच अस्वस्थ झाले. वादळी रात्रीचे प्रकरण मला फार मोठे आठवत होते, प्रत्यक्षात ती रात्र साडेचार पानांत संपते. शेवट योगायोगावर उभा आहे. पायाने अधू असलेल्या नोकराची ठिकठिकाणी थट्टा केलेली आहे. माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला मी मोठ्या हौसेने ते पुस्तक दिले, तर तिने तीस पाने वाचून ‘कंटाळवाणे आहे’ म्हणून ठेवून दिले. मला रडू आवरेना. ही ओढ पोरकट आहे का? पुस्तक खरोखर चांगले होते, की मला फक्त माझे बालपण आवडते? आणि मुलीला ते वाचायला कसे लावू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते देताना मला जराही संकोच वाटत नाही. मुलांसाठी लिहिलेली कादंबरी मोठेपणी आवडणे म्हणजे वाढ खुंटणे, हा समज फार पसरलेला आहे. त्यामागे अशी कल्पना असते की, वाचनाच्या पायऱ्या असतात आणि वरच्या पायरीवर पोहोचलेल्याने खालच्या पायरीकडे पाहायचे नसते. नार्नियाच्या बालकथा लिहिणारे सी. एस. लुईस यांनी १९५२ मध्ये मुलांसाठीच्या लेखनावर व्याख्यान दिले, तेव्हा नेमकी उलट कसोटी मांडली. जी बालकथा केवळ मुलांनाच आवडते ती बालकथा म्हणूनही चांगली नसते, असे त्यांचे म्हणणे होते. ते मला पूर्णपणे पटते. तुमच्या कादंबरीने तुम्हाला चौतीस-पस्तीस वर्षे धरून ठेवले असेल, तर तुमच्या मनाच्या वयाविषयी शंका घेण्याआधी तिच्यात असे काय आहे, हे पाहणे जास्त उपयोगाचे ठरेल.

ते पाहण्यासाठी तुमचे पत्रच पुरेसे आहे. संपूर्ण कादंबरीतून तुम्ही सविस्तर सांगण्यासाठी एकच प्रसंग निवडला: मामा आजारी आहे, दुसरे कोणी मोठे माणूस जवळ नाही, आणि दिवा विझला तर समुद्रावरची माणसे बुडतील, हे बारा वर्षांच्या मुलीला माहीत आहे. आईवडिलांच्या मृत्यूबद्दल तुम्ही अर्धे वाक्य लिहिले आहे. यावरून मला असे वाटते की, त्या भावंडांची कीव येऊन तुम्ही पुस्तकात गुंतला नाहीत. तुम्हाला गुंतवले ते त्या मुलीवर पडलेल्या जबाबदारीने. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या रोजच्या आयुष्यात जवळजवळ प्रत्येक निर्णय दुसरे कोणीतरी घेत असते. कधी उठायचे, काय घालायचे, कोणाशी खेळायचे, कोणती गोष्ट ऐकण्याचे वय झाले आहे आणि कोणती ऐकण्याचे झालेले नाही, हे सगळे वरून ठरते. घरात काही वाईट घडले तर मोठी माणसे आवाज खाली करतात. अशा वयात एक पुस्तक हातात येते आणि ते आवाज खाली करत नाही. ते मृत्यू सांगते, भीती सांगते, मोठी माणसेही कोलमडतात हे सांगते, आणि मग एका मुलीच्या हातात दिवा देऊन बाजूला होते. तुमच्यावर एवढा विश्वास टाकणारे ते बहुधा पहिलेच पुस्तक असावे.

टिकून राहिलेल्या बालकादंबऱ्यांकडे या नजरेने पाहिले, तर त्यांच्या रचनेतली एक समान गोष्ट लक्षात येते. कथा सुरू होताच पालक दूर केले जातात. ‘ट्रेझर आयलंड’ (१८८३) मध्ये नायकाचे वडील सुरुवातीच्या काही प्रकरणांतच मरतात. ‘द सीक्रेट गार्डन’ (१९११) मधल्या मुलीचे आईवडील पहिल्याच प्रकरणात पटकीने दगावतात. योहाना स्पिरी यांची हायडी आधीच पोरकी आहे आणि तिला डोंगरात एकट्या राहणाऱ्या आजोबांकडे नेऊन सोडले जाते. हा दुःखाचा सोस नव्हे. आईवडील खोलीत असतील तर मुलाला निर्णय घ्यावाच लागत नाही, आणि निर्णय नसेल तर कादंबरी उभी राहत नाही, हे या लेखकांना ठाऊक होते. पुढे मामा येतो, आजोबा येतात, मायाही मिळते. पण मधल्या मोकळ्या जागेत मुलाने एकट्याने काय केले, हाच कथेचा गाभा असतो. तुमच्या कादंबरीच्या लेखकाने याच कारणासाठी मामाला ऐन वादळात तापाने पाडले.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. तो तिन्ही प्रश्नांमध्ये सर्वांत अवघड आहे. त्याचे उत्तर त्या साडेचार पानांत आहे, असे मला वाटते, म्हणून त्यांच्यापाशी थोडे थांबू.

ती पाने मोजल्यावर तुम्हाला फसवणूक झाल्यासारखे वाटले, असे तुमच्या पत्रातून जाणवते. वास्तविक तुम्ही एक महत्त्वाचा शोध लावला आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्मरणाविषयीच्या ग्रंथात एक प्रयोग सांगितला आहे. त्यांनी लोकांना परक्या संस्कृतीतली एक लोककथा वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून सांगायला लावली. सांगणाऱ्यांनी अनोळखी तपशील गाळले, काहींचे रूप बदलून ते ओळखीचे करून घेतले, तुटक वाटणाऱ्या जागा आपल्या समजुतीने जोडल्या. आठवणे म्हणजे साठवलेले जसेच्या तसे बाहेर काढणे नसते, दरवेळी ते नव्याने रचणे असते, हा त्यांचा निष्कर्ष होता. तुमच्या मनातली ती रात्र अशीच वर्षानुवर्षे रचली गेली आहे. पण ही रचना केवळ विस्मरणातून झाली असे मला वाटत नाही. तिची सुरुवात पहिल्या वाचनातच झाली असणार. साहित्याचे जर्मन अभ्यासक वोल्फगांग इझर यांनी १९७६ च्या ग्रंथात वाचनाच्या क्रियेचा विचार करताना असे मांडले की, प्रत्येक कथेत न सांगितलेल्या जागा असतात आणि त्या भरण्याचे काम वाचक करतो. जिना किती उंच होता, काचेवर पाऊस कसा आपटत होता, मुलीचे हात थरथरत होते की नाही, धाकटा भाऊ झोपला होता की जागा होता, यातले किती त्या साडेचार पानांत छापलेले आहे आणि किती तुम्ही घातले आहे, हे पुस्तक शेजारी ठेवून एकदा तपासून पाहा. लेखकाने साडेचार पाने लिहिली, उरलेली रात्र तुम्ही लिहिली.

म्हणूनच ‘पुस्तक चांगले की माझे बालपण’ या दोन पर्यायांत निवड करायला तुम्हाला सांगणे मला योग्य वाटत नाही. तरीही तुमच्या शंकेत तथ्य आहे आणि ते झाकून ठेवणेही बरोबर नाही. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांनी १९०५ मधल्या एका निबंधात लहानपणीच्या वाचनाविषयी लिहिताना म्हटले आहे की, त्या वाचनाने आपल्यात मागे ठेवलेली गोष्ट म्हणजे ज्या जागी आणि ज्या दिवशी आपण वाचले, त्या जागांचे व त्या दिवसांचे चित्र. दुपारची शांतता, हाक मारून बोलावले तरी उठायचे नाही हा हट्ट, संपत आलेली पाने, हे सगळे पुस्तकाच्या मजकुराला चिकटून बसते आणि पुढे दोन्ही वेगळे करता येत नाहीत. शिवाय चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणापेक्षा जास्त येतात, हे मानसशास्त्रात अनेकदा दिसून आलेले आहे. तुमची कादंबरी या काळाच्या अगदी उंबरठ्यावर तुम्हाला भेटली. वारंवार समोर येणारी गोष्ट केवळ ओळखीमुळे आवडू लागते, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले होते, आणि तुम्ही तर हे पुस्तक पुन्हापुन्हा वाचले आहे. या सर्व गोष्टींचा वाटा तुमच्या प्रेमात आहेच.

पण त्यांनी सगळे स्पष्ट होत नाही. त्याच वयात, त्याच दुपारी, त्याच फळीवरची इतरही पुस्तके तुम्ही वाचली असतील. काही पाठ्यपुस्तके तर त्या कादंबरीपेक्षा अधिक वेळा वाचावी लागली असतील. ती सगळी बालपणाचीच होती, मग ती का उरली नाहीत? तुम्हाला खरोखर पडताळा घ्यायचा असेल, तर त्या काळी आवडलेले पण आता विसरलेले एखादे पुस्तक मिळवून वाचा. माझा अंदाज असा आहे की, ते वाचताना तुम्हाला त्या दुपारी आठवतील, हातातल्या पानांचा स्पर्श आठवेल, कदाचित गहिवरूनही येईल, पण दहा-वीस पानांनंतर पुस्तक स्वतः तुमच्याशी काही बोलणार नाही. केवळ बालपणाच्या जोरावर एखादे पुस्तक असे काही पाने चालते. दीपगृहाची कादंबरी तुम्ही आजही शेवटपर्यंत वाचता आणि वाचताना तिच्यातल्या चुकाही तुम्हाला दिसतात. मेलेल्या पुस्तकातल्या चुकांनी कोणी अस्वस्थ होत नाही.

त्या चुकांपैकी योगायोगाचा विषय मी चटकन सोडून देते. लहानपणी तो योगायोग वाटला नाही, कारण असे शेवट तोपर्यंत तुम्ही फारसे वाचलेलेच नव्हते. आज तो कच्चा वाटतो, आणि तो कच्चा असेलही. त्यामुळे वादळाच्या रात्रीचे काही बिघडत नाही.

नोकराची थट्टा ही मात्र वेगळी गोष्ट आहे आणि ‘तेव्हा असेच लिहीत’ एवढे म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही. ज्या पुस्तकाने एका लहान मुलीला पूर्ण माणूस मानले, त्याच पुस्तकाने एका अधू माणसाला हसण्याची वस्तू केले, हे दुखते, आणि दुखायलाच हवे. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्यातल्या कारखान्यातले छोटे कामगार आफ्रिकेतून आणलेले दाखवले होते. त्यावर टीका झाल्यानंतर रोआल्ड डाल यांनी स्वतःच १९७३ च्या आवृत्तीत ते वर्णन बदलले. लेखकालाही आपल्या पुस्तकाकडे पुन्हा पाहावे लागते, मग वाचकाने पाहिले तर तो पुस्तकाशी द्रोह कसा ठरेल? पुढच्या वाचनात एवढे बघा की, त्या नोकरावर हसते कोण. एखादे पात्र हसत असेल तर लेखकाला ते पात्र उघडे पाडायचे असू शकते. निवेदकच हसत असेल तर दोष पुस्तकाचा आहे आणि तो तसाच मान्य करावा. पुस्तकावर प्रेम ठेवूनही हे मान्य करता येते. आपल्या जवळच्या वडीलधाऱ्या माणसांचे काही विचार न पटूनही आपण त्यांच्यावर माया करतोच.

आता मुलीविषयी लिहिते. तुमच्या पत्रातला हाच भाग मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटला. ती कादंबरी तुम्हाला कोणी दिली नव्हती. ती खालच्या फळीवर होती, तुम्ही वाकलात आणि ती तुम्हाला सापडली. ती आवडलीच पाहिजे, असे म्हणणारे कोणी समोर नव्हते. तुमच्या मुलीला मात्र ती आईच्या हातून मिळाली, आईच्या सगळ्या आठवणींसह मिळाली, आणि वाचताना आई आपल्या चेहऱ्याकडे बघत आहे, हे तिला नक्की कळले असणार. ज्या पुस्तकाचे मोठे बळ असे की ते मुलाला मोठ्यांच्या नजरेपासून काही काळ मोकळे करते, ते पुस्तक मोठ्यांच्या नजरेखाली वाचणे तिला कसे जमावे? याखेरीज साधी कारणेही असू शकतात. जुन्या बालकादंबऱ्यांची सुरुवात संथ असते, वर्णने लांब असतात आणि छपाई बारीक असते. तीस पाने हा तसा प्रामाणिक प्रयत्न आहे, त्याबद्दल तिला दोष देऊ नका.

दानिएल पेनाक या फ्रेंच शिक्षक-लेखकाने १९९२ च्या आपल्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले आहेत. त्यांतला तिसरा हक्क पुस्तक अर्धवट सोडण्याचा आहे आणि चौथा पुन्हा वाचण्याचा. तुम्ही चौथा हक्क वर्षानुवर्षे बजावत आहात. मुलीने तिसरा बजावला. पतीने तुमच्या हक्काला पोरकटपणा म्हटले ते तुम्हाला जिव्हारी लागले, तर तिच्या हक्काचाही तेवढाच मान राखावा लागेल.

म्हणून सध्या काही काळ त्या कादंबरीचे नाव तिच्याजवळ काढू नका. तुमची वापरलेली प्रत परत तुमच्या कपाटात ठेवा. तिच्यासाठी एखादी दुसरी प्रत मिळाली तर ती घरात सहज दिसेल अशी असू द्या, पण तिच्या टेबलावर नको. ती प्रत दुमडली, हरवली किंवा तशीच पडून राहिली तरी तुम्हाला लागणार नाही, आणि हे तिला कळणेही महत्त्वाचे आहे. त्याच वेळी तिला सध्या सर्वांत आवडणारे पुस्तक मागून घ्या आणि ते संपूर्ण वाचा. ते तुम्हाला उथळ वाटेल, कदाचित फार आवडेल, पण कोणतीही परीक्षा न घेता, तुलना न करता तिच्याशी त्याबद्दल बोला. तिच्या पुस्तकातही पालक दूर गेलेले असतील आणि एखादे मूल एकटेच निर्णय घेत असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही. तेवढे दिसले तरी तुम्हाला तिची आवड परकी वाटणार नाही.

पुढे कधी तिने स्वतःहून विचारले तर वादळाच्या रात्रीची ती साडेचार पाने तिला मोठ्याने वाचून दाखवा. पहिल्या पानापासून सुरुवात करण्याचे काही बंधन नाही. आधीची हकिगत दोन वाक्यांत सांगून थेट जिन्याखाली उभ्या असलेल्या मुलीपाशी या. वाचताना ‘आता बघ हं, किती सुंदर आहे’ असे म्हणू नका. नोकराच्या थट्टेचा भाग आला तर तो गुपचूप गाळू नका, थांबून तिला काय वाटते ते विचारा, कारण ज्या पुस्तकाने तुमच्यापासून कठीण गोष्टी लपवल्या नाहीत, ते तिला गाळून देणे बरे नव्हे. आणि हे सारे करूनही ती कादंबरी तिला कधीच आवडली नाही, असेही होईल. तुमचे रडू पुस्तकासाठी नव्हते, असे मला वाटते. दहा वर्षांच्या तुमची ओळख तुम्ही तिला करून देऊ पाहत होता आणि तिने दार लावल्यासारखे तुम्हाला वाटले. ती ओळख करून देण्याचे इतर पुष्कळ मार्ग आहेत. ती रात्र तुम्हाला का आवडते, हे पुस्तक हातात न घेता तिला एखाद्या दिवशी सांगा. त्यात तिला कादंबरीपेक्षा जास्त रस वाटण्याची शक्यता आहे.

तुमच्या स्वतःच्या वाचनाविषयी एक विनंती आहे. थकल्यावर आपण पुस्तक उघडतो तेव्हा बहुधा ठरलेल्याच पानांवर जातो आणि बाकीची पाने नजरेखालून नुसती सरकतात. या वेळी तुम्ही थकलेल्या नसताना पुस्तक उघडा, पहिल्यापासून वाचा, आणि लक्ष मामाकडे ठेवा. लहानपणी तुम्ही ती थोरली बहीण होता, हे साहजिक होते. आज तुमचे वय मामाच्या वयाच्या जवळ आले आहे. अंगात ताप असताना, खाली अंथरुणात पडून, वर बारा वर्षांची भाची एकटी आहे हे जाणून तो माणूस काय सोसत होता? त्याने तिला वर पाठवले, ते बरोबर केले का? लेखकाने त्याच्या मनाविषयी एखादे वाक्य लिहिले आहे की ती जागाही तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे? अकरा वर्षांच्या मुलीची आई म्हणून या प्रश्नांची तुमची उत्तरे आज वेगळी येतील. मामाच्या बाजूने वाचूनही कादंबरी तग धरते, असे तुम्हाला आढळले, तर पुस्तक खरोखर चांगले होते का, या तुमच्या प्रश्नाला त्याहून भक्कम उत्तर मला देता येणार नाही.

पतीशी या विषयावर वाद घालू नका. दहाव्या-अकराव्या वर्षी त्यांनी दुसऱ्यांदा वाचलेले पुस्तक कोणते, एवढेच विचारा. त्यांना नाव आठवले, तर ते मिळवून त्यांना वाचायला द्या. नाही आठवले, तर थोरल्या बहिणीची आणि त्या दिव्याची गोष्ट त्यांनाही कधीतरी सांगून पाहा.